छोट्या गाडीची घडणावळ

जळगावच्या सराफ बाजारात दागिना घेतला की पावतीवर सोन्याचा भाव आणि घडणावळ हे दोन आकडे वेगवेगळे लिहून मिळतात, आणि त्यांत सोन्याचा आकडा मोठा, घडणावळीचा लहान असतो. मुठीत मावणाऱ्या धातूच्या मोटारगाडीचा हिशेब नेमका याच्या उलट चालतो. तिच्यात जेमतेम वीस-तीस ग्रॅम जस्ताचा मिश्रधातू असतो आणि मोडीत घातली तर तिचे मोजके चार-सहा रुपये येतील. तरीही अशी एक गाडी दुकानात दीडशे-दोनशे रुपयांना मिळते, तिच्याच मापाची दुसरी हजाराच्या पुढे जाते, आणि तिसरी एखादी, जी मुळात त्या दीडशे-दोनशेवाल्या खोक्यातूनच निघालेली असते, ती संग्राहकांच्या बाजारात काही हजारांना विकली जाते. धुळे, भुसावळ, अमळनेर, नंदुरबार अशा गावांतही आता या डायकास्ट, म्हणजे वितळलेला धातू साच्यात दाबून घडवलेल्या, गाड्या जमवणारी मुले आणि चांगली मिळवती माणसे दिसू लागली आहेत, आणि किमतींमधली ही तफावत नवख्याला, त्याहून अधिक त्याच्या घरच्यांना, चक्रावून टाकते. ती उलगडायची, तर गाडीचे माप, तिची घडण आणि तिची टंचाई यांचा विचार एकमेकांत न मिसळता करावा लागतो.

मापाचे गणित

खोक्यावर १:६४ असे छापलेले असते, तेव्हा खऱ्या गाडीची लांबी, रुंदी आणि उंची यांतले प्रत्येक माप चौसष्टाने भागून ही प्रतिकृती बनवली आहे, असा त्याचा अर्थ होतो. आपल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे धावलेली ॲम्बेसेडर सुमारे ४.३ मीटर लांब होती. ती १:६४ मध्ये सुमारे ६.७ सेंटीमीटर, १:४३ मध्ये १० सेंटीमीटर आणि १:१८ मध्ये २४ सेंटीमीटर भरते. दुसरा आकडा जितका मोठा तितकी गाडी लहान, हे कोणाच्याही लगेच लक्षात येते. मात्र १:१८ ची गाडी १:६४ च्या गाडीहून लांबीला साडेतीन पट असली, तरी जागा सुमारे पंचेचाळीस पट व्यापते, कारण तिन्ही मापे एकदम वाढतात. आणि हे बहुतेकांच्या ध्यानात कपाट भरल्यावरच येते. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्याने १:१८ च्या वाटेला जाण्याआधी पैशांबरोबर भिंतही मोजून घ्यावी.

ही मापे अशी अडनिडी का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. १:४३ हे माप रेल्वेच्या खेळण्यांतून आले. इंग्लंडमध्ये ‘ओ’ गेजच्या छोट्या रेल्वेसाठी एका फुटाला सात मिलिमीटर असे प्रमाण धरले जाई, फुटाचे ३०४.८ मिलिमीटर सातने भागले की ४३.५ येतात. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३३ साली या रेल्वेच्या देखाव्यात, स्टेशनाच्या आजूबाजूला उभ्या करता याव्यात म्हणून काही मोटारी काढल्या, आणि १९३४ पासून त्या ‘डिंकी टॉइज’ या नावाने विकल्या जाऊ लागल्या. पुढे मोटारींनी रेल्वेपासून फारकत घेतली, पण माप साधारण तेच राहिले. एका फुटाला साडेतीन मिलिमीटर धरले की १:८७ येते आणि तेही रेल्वेचेच माप आहे. भुसावळचे यार्ड पाहत वाढलेल्या एखाद्याला आगगाडी आणि मोटारी एकाच देखाव्यात मांडायच्या असतील, तर त्याने १:८७ च्याच गाड्या शोधाव्यात, कारण १:६४ ची मोटार त्या मापाच्या इंजिनाशेजारी ठेवली की इंजिन खेळण्यातले आणि मोटार राक्षसाची वाटते.

मॅचबॉक्सचे माप वेगळ्याच रीतीने ठरले. या गाड्या काढणारी लेस्नी ही लंडनची कंपनी १९४७ साली सुरू झाली. तिथल्या जॅक ओडेल यांच्या मुलीला शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे नेण्याची मुभा होती, म्हणून त्यांनी तिच्यासाठी पितळेचा एक इवलासा रोडरोलर करून दिला. त्या कल्पनेतून १९५३ साली काडेपेटीएवढ्या खोक्यातल्या गाड्यांची मालिका निघाली. इथे खोके आधी ठरले आणि गाडी त्यात बसवली गेली. आजच्या स्वस्त गाड्यांमध्येही हीच पद्धत चालते. अमेरिकेच्या मॅटेल कंपनीच्या हॉट व्हील्सच्या रोजच्या, म्हणजे ‘मेनलाइन’ मालिकेतली गाडी ढोबळमानाने १:६४ म्हणून ओळखली जाते खरी, पण ट्रक असो की चिमुकली मोटार, दोघांनाही त्याच पुठ्ठ्यावरच्या त्याच पारदर्शक प्लास्टिकच्या फुग्यात, म्हणजे ब्लिस्टरमध्ये, मावायचे असते. रावेर-सावद्याकडून केळी भरून निघणारा ट्रक साधारण नऊ मीटर लांब धरला आणि ब्लिस्टरमधला ट्रक साडेसात सेंटीमीटर भरला, तर प्रमाण १:१२० झाले. जुनी मिनी कूपर खरोखर तीन मीटरच्या आसपास होती. तिची प्रतिकृती सहा सेंटीमीटर भरली, तर प्रमाण १:५० झाले. दोन्ही गाड्या एकाच फळीवर ठेवल्या की ट्रक मिनीपेक्षा जेमतेम सव्वापट दिसतो. ज्याला नुसत्या देखण्या गाड्या जमवायच्या आहेत, त्याचे यात काही बिघडत नाही. ज्याला खरा रस्ता मांडायचा आहे, त्याने खिशात लहान पट्टी ठेवावी, खऱ्या गाडीची लांबी मोबाइलवर पाहावी आणि दुकानात उभ्या उभ्या भागाकार करावा.

साच्यातून निघालेली गाडी

या गाड्यांचा धातू बहुधा जस्ताचा मिश्रधातू असतो. त्यात साधारण चार टक्के ॲल्युमिनियम आणि अगदी थोडे मॅग्नेशियम, कधी तांबेही असते. तो ३८० ते ३९० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. लोखंड किंवा पितळ वितळवायला लागणाऱ्या तापमानापुढे हे तापमान फारच कमी असल्याने पोलादी साचे लवकर खराब होत नाहीत, आणि या धंद्याचे सारे अर्थकारण या एका गोष्टीवर उभे आहे. साचा दोन किंवा अधिक भागांचा असतो. ते भाग यंत्रात घट्ट मिटले की दट्ट्या वितळलेला धातू प्रचंड दाबाने आत ढकलतो. तो क्षणार्धात साच्याच्या बारीकसारीक कोपऱ्यांत पोचतो, काही सेकंदांत थिजतो, साचा उघडतो आणि आतल्या खिळ्या गाडीचे कवच बाहेर लोटतात. भांड्याच्या ओतकामात मातीचा साचा दर वेळी मोडावा लागतो. इथे तोच साचा लाखो वेळा वापरता येतो.

नंतरची कामे तपशिलाची असतात आणि किमतीचा फरक तिथेच पडू लागतो. साच्याच्या फटींत शिरून कडेला आलेली धातूची पापडी काढण्यासाठी कवचे बारीक दगडांबरोबर मोठ्या पिंपात घुसळली जातात. मग रंग चढतो. त्यावरच्या रेघा, बोधचिन्हे आणि दिवे ‘टॅम्पो’ छपाईने उमटवले जातात: कोरलेल्या पट्टीवरची शाई सिलिकॉनची मऊ गादी उचलते आणि गाडीच्या वळणदार अंगावर दाबून ठेवते. प्रत्येक रंगासाठी आणि गाडीच्या प्रत्येक बाजूसाठी ही क्रिया वेगळी करावी लागते. दोन्ही कुशींवर दोन-दोन रंगांची नक्षी आणि पुढे-मागे दिवे हवे असतील, तर छपाईचे टप्पे कितीतरी वाढतात, आणि म्हणून स्वस्त गाडीच्या कुशीवर झगमगाट असतो, पण तोंडावर दिवेच नसतात. हा ढिसाळपणा मानू नये. वाचवलेले पैसे कुठून वाचवले, ते तिथे उघड दिसत असते.

एखादी मेनलाइन गाडी हातात उलटी धरली, तर बरेच काही वाचता येते. बुडाशी पुढे आणि मागे दोन गोल टिकल्या दिसतात, त्या रिव्हेट. वरच्या कवचाला साच्यातच दोन खुंट्या केलेल्या असतात, त्या बुडाच्या भोकांतून बाहेर काढून त्यांची डोकी चेपलेली असतात, आणि कवच, काच, आतली आसने व बूड हे चार थर त्या दोन खुंट्यांनीच एकत्र धरून ठेवलेले असतात. बूड बोटाच्या पेराला गार लागले तर धातूचे, नाही तर प्लास्टिकचे. त्यावर कंपनीचे नाव, गाडीचे नाव, देश आणि एक वर्ष कोरलेले असते. हे वर्ष सर्वांत जास्त घोटाळा करते. ते ती गाडी बनल्याचे वर्ष नसून त्या साच्याच्या हक्काचे वर्ष असते, आणि साचा वीस-पंचवीस वर्षे रंग बदलत चालू राहू शकतो. बुडावर १९९७ वाचून ‘जुना माल आहे’ असे सांगत कोणी तिप्पट भाव लावत असेल, तर त्याला बुडावरच छापलेले बारीक संकेतचिन्ह दाखवावे. अलीकडच्या हॉट व्हील्सवर एक अक्षर आणि दोन अंक असतात. अक्षर उत्पादनाचे वर्ष सांगते आणि अंक त्या वर्षाचा आठवडा. २०१९ साठी एम, २०२० साठी एन असा तो क्रम आहे, आणि अंकाशी गल्लत होऊ नये म्हणून ओ हे अक्षर वगळून २०२१ साठी थेट पी वापरले गेले.

साचा करायला खर्च मोठा येतो, आणि एकदा तो झाला की प्रत्येक नग स्वस्त पडत जातो. म्हणून या धंद्यातली खरी मालमत्ता साचा हीच आहे, आणि ती देशोदेशी फिरते. इंग्लंडमध्ये वापरून झालेले डिंकीचे साचे कोलकात्यात आले आणि त्यांतून ‘निकी टॉइज’ या नावाच्या गाड्या भारतात निघाल्या. हॉट व्हील्सच्या साच्यांतून पुढे भारतात ‘लिओ’ या नावाखाली गाड्या निघाल्या, आणि त्यांचे रंग अमेरिकेतल्या गाड्यांहून वेगळे असल्याने परदेशी संग्राहक आज त्या मुद्दाम शोधतात. कोलकात्याच्याच मॅक्सवेलच्या गाड्याही जुन्या घरांतून निघतात. धुळ्या-जळगावच्या जुन्या वाड्यांत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली जाईल, तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तळाशी पडलेल्या गाडीचे बूड वाचून पाहावे. रंग उडालेली निकी किंवा लिओ नव्या चकचकीत गाडीहून मोलाची असू शकते. तिच्यावरचे रंगाचे टवके मात्र लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत, कारण जुन्या रंगांत शिसे असण्याची शक्यता असते.

हजार रुपयांच्या पुढची १:६४ गाडी हातात घेतली की फरक बोटांना कळतो. दिव्यांच्या जागी छपाई नसून पारदर्शक प्लास्टिकचा वेगळा तुकडा बसवलेला असतो, आरसे वेगळे लावलेले असतात, टायर रबरी असतात आणि चाकाची तबकडी वेगळी असते. भाग वाढले की जुळणीचे हात वाढतात, आणि त्यात नगांची संख्या कमी असल्याने साच्याचा खर्च थोड्याच गाड्यांवर वाटला जातो. मिनी जीटी, इनो, टार्मॅक वर्क्स यांच्या गाड्या या वर्गात येतात; जपानी टोमिका आणि मूळची फ्रेंच माजोरेट या दोघींची साधी मालिका हॉट व्हील्स आणि या वर्गाच्या मधे कुठेतरी बसते. खऱ्या गाडीच्या कंपनीला द्यावे लागणारे परवान्याचे पैसे सगळ्यांच्याच किमतीत असतात. रेझिनच्या, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या राळेच्या, गाड्या ही याहून निराळी जात: त्या सिलिकॉनच्या मऊ साच्यात बनतात, तो साचा थोड्याच नगांनंतर निकामी होतो, म्हणून त्या मर्यादित संख्येत निघतात, त्यांचे दरवाजे सहसा उघडत नाहीत आणि त्या पडल्या तर चेपण्याऐवजी फुटतात.

टंचाई, खरी आणि केलेली

दीडशे-दोनशेची गाडी हजारोंना का जाते, याचे उत्तर घडणीत सापडत नाही. मॅटेल कंपनीने १९६८ साली सोळा गाड्यांनी हॉट व्हील्स सुरू केले, तेव्हा तिचे आकर्षण होते ते बारीक आसावर सुसाट पळणाऱ्या चाकांचे आणि चमकत्या रंगाचे. मॅचबॉक्सलाही त्यामुळे १९६९ साली ‘सुपरफास्ट’ चाके आणावी लागली. त्या काळात टंचाई हा धंद्याचा भाग नव्हता. १९९५ साली मॅटेलने ‘ट्रेझर हंट’ नावाने बारा गाड्या प्रत्येकी दहा हजार अशा मोजून काढल्या आणि त्या साध्या मालात मिसळून पाठवल्या. २००७ पासून त्यात ‘सुपर’ ही वरची पायरी आली. दुकानदाराला येणाऱ्या मोठ्या खोक्यात बहात्तर गाड्या असतात, आणि त्यांत सुपर असेलच याची कोणतीही हमी नसते.

ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. साध्या ट्रेझर हंटच्या अंगावर वर्तुळातली ज्वाला छापलेली असते आणि पुठ्ठ्यावर, गाडीच्या मागे झाकली जाईल अशा जागी, तीच ज्वाला रुपेरी-करड्या रंगात असते. सुपरच्या पुठ्ठ्यावर ती सोनेरी असते, गाडीवर ‘टीएच’ ही अक्षरे बारीक छापलेली असतात, रंग धातूवर पातळ काच चढवल्यासारखा खोल दिसतो आणि टायर रबरी असतात. या चारही खुणा एकत्र जुळल्या पाहिजेत. फसवणूक करणारे साध्या गाडीची रिव्हेट कोरून काढतात, रबरी चाके बसवतात आणि अक्षरे चिकटवतात. अशा वेळी बुडाशी रिव्हेटची डोकी खरवडलेली किंवा स्क्रूने भरलेली दिसतात. ब्लिस्टर उघडून पुन्हा चिकटवला असेल, तर त्याच्या कडेला गोंदाचा पिवळट ओघळ किंवा पुठ्ठ्याचा सुटलेला पापुद्रा बोटाला लागतो. मोबाइलवरच्या फोटोत यातले काहीच दिसत नाही, म्हणून विक्रेत्याकडे बुडाचा आणि चारही कडांचा फोटो दिवसाच्या उजेडात काढून मागावा, आणि तो देण्याची टाळाटाळ झाली की विषय तिथेच थांबवावा.

भारतात या टंचाईवर आणखी एक थर चढला आहे. खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के झाले, आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणपत्राची, म्हणजे आयएसआय चिन्हाची सक्ती लागू झाली. मुलांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने ही सक्ती योग्यच आहे, आणि दुकानात घेतलेल्या मेनलाइन गाडीवर ते चिन्ह पाहून घ्यावे. पण आयात महाग आणि किचकट झाली की माल तुटपुंजा येतो, आणि तालुक्याच्या गावी तर त्यातला उरलासुरला पोचतो. मग मोठ्या शहरातली काही मंडळी अख्खी खोकी उचलतात, चांगल्या गाड्या वेगळ्या काढतात आणि एका हव्या असलेल्या गाडीबरोबर चार नको असलेल्या गळ्यात मारतात. छापील कमाल किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेण्याचा अधिकार दुकानदाराला नाही, हे ग्राहकाने ठामपणे सांगितले पाहिजे. दुकानातून संपलेली गाडी एखाद्या व्यक्तीकडून विकत घेताना मात्र भाव हौसेचा असतो, आणि हौसेला छापील किंमत नसते. आगाऊ नोंदणीच्या नावाखाली अनोळखी माणसाला महिनोन्‌महिने आधी पूर्ण रक्कम पाठवणे हा यातला सर्वांत मोठा धोका आहे, आणि शाळकरी मुले त्यात सहज सापडतात, म्हणून पालकांनी निदान एवढ्या एका बाबतीत लक्ष घालावेच.

गाड्या गुंतवणूक म्हणून घ्याव्यात का, या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. काल जिचा भाव चढला होता, तिचाच साचा कंपनीने नव्या रंगात काढला की मागणी विभागली जाते. सोने वितळवून विकता येते. टंचाईची हवा गेलेली गाडी पुन्हा चार-सहा रुपयांच्या जस्ताकडे झुकते.

खानदेशातले ऊन आणि कपाटातली गाडी

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा गाड्यांचे काय होईल, अशी चिंता नवे संग्राहक करतात. निरोगी धातूला त्याने काहीही होत नाही. त्रास होतो तो बाकीच्या गोष्टींना. पश्चिमेच्या भिंतीला लागून, काचेतून ऊन येईल असे कपाट ठेवले तर ब्लिस्टर पिवळा पडतो, पुठ्ठा कमानीसारखा वाकतो, त्याचा गोंद सुटतो आणि लाल रंग सर्वांत आधी फिका होतो. मऊ टायर प्लास्टिकच्या तळावर महिनोन्‌महिने टेकून राहिले, तर टायरमधला मऊपणा आणणारा घटक पाझरतो आणि तळावर चिकट, वितळल्यासारखा डाग उमटतो. उष्णतेत हे लवकर होते. अशा गाड्यांखाली पातळ कागदाचा तुकडा सरकवून ठेवावा किंवा गाडी आसांवर उचलून धरणारा छोटा आधार द्यावा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडते आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. उन्हाळ्याचे तीन महिने घराघरांत कूलर चालतो आणि ओल्या जाळ्यांतून येणारी दमट हवा ज्या भिंतीवर आदळते, त्याच भिंतीला बहुधा शोकेस असते. बाहेर कोरडे ऊन, आत ओल, आणि रात्री कूलर बंद केल्यावर पुन्हा उकाडा, असा फेरा पुठ्ठ्याला आणि चिकटपट्टीला पावसाळ्याइतकाच बाधतो. शोकेस कूलरच्या झोतातून हलवावी आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या अधूनमधून वाळवाव्यात. डांबरगोळ्या मात्र ठेवू नयेत, कारण त्यांच्या वाफेने काही प्रकारचे प्लास्टिक मऊ पडते. धूळ काढायला चित्रकलेचा मऊ कुंचला पुरतो; नेलपॉलिश पुसायचे द्रव किंवा स्पिरिट लावले तर टॅम्पोची नक्षी कापसावर येते.

धातूचा खरा रोग वेगळा आहे आणि त्याला संग्राहक ‘झिंक पेस्ट’, म्हणजे जस्ताची कीड, म्हणतात. मिश्रधातू बनवताना जस्तात शिसे, कथील किंवा कॅडमियम अत्यल्प प्रमाणातही मिसळले, तर धातूच्या कणांच्या सीमांवर आतून गंज धरतो, धातू फुगतो, त्याला केसासारख्या बारीक चिरा पडतात आणि शेवटी गाडीचा भुगा होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या बऱ्याच डिंकी गाड्यांची हीच दशा झाली; धातूच्या शुद्धतेचे निकष पुढे कडक झाल्यावर हा प्रकार कमी झाला, पण नव्या गाड्यांत तो अधूनमधून आढळतोच. बीज ओतकामाच्या वेळीच पडलेले असते, त्यामुळे उपाय नाही. दमट आणि उष्ण हवा त्याला फक्त वेग देते. हा रोग एका गाडीतून दुसरीला लागत नाही, म्हणून आजारी गाडी घराबाहेर काढण्याची गरज नसते. जुनी गाडी घेताना भिंगातून छताच्या आणि खांबांच्या कडा पाहाव्यात, दरवाजा उघडत असेल तर तो अडतो का ते पाहावे आणि बूड सपाट काचेवर ठेवून ते वाकले आहे का, ते तपासावे. रंगाला फुगे आले असतील आणि फुग्याखाली चीर असेल, तर गाडी कितीही दुर्मीळ असली तरी ती सोडून द्यावी.

काय जमवावे

जे दिसेल ते घेत गेले, तर वर्षभरात गाड्यांचा ढीग होतो आणि त्यात घेणाऱ्यालाच काही दिसेनासे होते. एखादे सूत्र धरावे: एकच कंपनी, एकच काळ, एकच साचा वेगवेगळ्या रंगांत, किंवा एकच मुलूख. मला यातले शेवटचे सूत्र सर्वांत रसाळ वाटते, कारण मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात आणि तिथे अर्धा तास उभे राहिले तर संग्रहाची यादी आपोआप तयार होते. केळीच्या आणि कापसाच्या शेतातला ट्रॅक्टर हवा असेल, तर शेतीच्या यंत्रांचे रूढ माप १:३२ आहे. जर्मनीच्या सिकू आणि इंग्लंडच्या ब्रिटन्स या नावांखाली मॅसी फर्ग्युसन आणि जॉन डिअर यांच्या उत्तम प्रतिकृती निघाल्या आहेत. उत्खनन यंत्रे, क्रेन अशा अवजड वाहनांचे माप बहुधा १:५० असते. रॉयल एनफिल्ड मोटारसायकल माइस्टो या कंपनीने १:१२ मध्ये काढली आहे. जीप सहज मिळते, कारण महिंद्राने जिच्यावरून आपली गाडी उभी केली, ती विलीज जीप जगभरच्या कंपन्यांनी वेगवेगळ्या मापांत काढली. तिला काळा-पिवळा रंग देऊन खेड्यापाड्यांत माणसे वाहणारी कालीपिली करणे हा हौशी रंगाऱ्याचा आवडता उद्योग होऊ शकतो, फक्त त्यासाठी साधीच गाडी वापरावी, जुनी दुर्मीळ गाडी रंगवू नये.

मापांचा हा मेळ एका फळीवर बसत नाही, हे आधीच मान्य करावे लागते. १:३२ चा ट्रॅक्टर आणि १:६४ ची जीप शेजारी ठेवली की पुन्हा मिनी आणि ट्रकचीच कथा होते, म्हणून फळ्या मापानुसार कराव्यात आणि विषय वहीत एकत्र ठेवावा. वहीत साच्याचे नाव, बुडावरचे वर्ष, संकेतचिन्ह, माप, दिलेली किंमत, गाडी पुठ्ठ्यासकट आहे की सुटी, आणि ती कोणाकडून घेतली, एवढे लिहिले तरी पुरे. विकायची किंवा बदलायची वेळ आली की याच नोंदींवर समोरच्याचा विश्वास बसतो.

या यादीतली सर्वांत मोठी उणीव म्हणजे आपली एसटी. धातूच्या गाड्यांच्या मोठ्या कंपन्यांच्या मालिकांत ती सहजी सापडत नाही, आणि भारतात सेंटीसारख्या कंपन्यांनी काढलेल्या देशी गाड्या प्लास्टिकच्या, मागे ओढून सोडायच्या, खेळायच्या असतात. म्हणून एसटीचे वेडे लोक ती स्वतःच करतात. अकरा मीटरची बस १:६४ मध्ये सुमारे १७ सेंटीमीटर आणि १:३२ मध्ये ३४ सेंटीमीटर होते. डेपोत परवानगी घेऊन खिडक्यांची मापे टिपावी लागतात, मग फोमशीट कापून सांगाडा, ओएचपीच्या, म्हणजे ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या, पारदर्शक कागदाच्या काचा, रंगीत छपाई केलेल्या स्टिकरवर आगाराचे नाव आणि मार्गाची पाटी, असे काम चालते. चाके मात्र घरी नीट गोल कापली जात नाहीत. ती एखाद्या स्वस्त प्लास्टिकच्या ट्रकची काढून वापरावीत, आणि ट्रक निवडतानाच त्याच्या चाकाचा व्यास पट्टीने मोजून घ्यावा. खऱ्या बसचे चाक साधारण एक मीटर उंच असते, म्हणजे १:३२ साठी तीन सेंटीमीटरचे चाक पाहावे.